गेणूचा टाक

शूराला मरण नसतं, असं मामलेदारसाहेबांनी भाजे गावच्या चावडीपुढं खणखणीत आवाजात सांगितलं, आणि पगडी सारखी करून गावातून पलटणीत गेलेला गेणू मेल्याची बातमी दिली.

गोळ्यांच्या माऱ्यात जखमी सुभेदाराला पाठुंगळी घेऊन आला, म्हणून इंग्रज सरकारनं गेणूला रुप्याचं पदक दिलं. पदक मिळालं आणि थोड्याच दिवसांत तो समुद्रापलीकडं बसऱ्याच्या लष्करी दवाखान्यात हगवणीनं गेला. भाषणात साहेबांनी हगवण गाळली.

गेणूची आई कस्तुराबाई ऐकतच नव्हती. पोरगं बिनलग्नाचं गेलं, परमुलखात गेलं, मूठभर राखसुद्धा आली नाही. असा गेलेल्याला वीर म्हणतात, आणि त्याचा जीव वाऱ्यावर भटकत राहतो. त्याला घरी आणायचं तर त्याच्या नावानं रुप्याचा टाक, म्हणजे मूर्ती उमटवलेला छोटा पत्रा, करून देव्हाऱ्यात बसवावा लागतो. देव्हाऱ्यातले जुने टाक सोडले तर घरात रुपं औषधालाही नव्हतं. होतं ते त्या पदकात, आणि साहेबांनी आणलेलं पदक गावच्या अंबाजी पाटलांनी चावडीतल्या खिळ्याला टांगलं होतं.

“पाटील, माजा गेणू मला द्या.”

“अगं, त्यो आता तुज्या एकटीचा ऱ्हायलाय व्हय? साऱ्या मावळाचा झालाय. त्ये पदक बघून पोरं भरती व्हत्यात.”

“मग तुमच्या पोराला दिसत न्हाई का त्ये?”

पाटलांच्या पोराचे डोळे अधू होते. भरती सुरू झाल्यापासून.

लढाई संपली. भरतीवाले साहेब यायचे थांबले. पाटलांना खिळ्याला कंदील टांगायचा होता, म्हणून त्यांनी पदक घरपोच आणून दिलं.

कस्तुराबाई ते पदराच्या गाठीत बांधून चालत लोणावळ्याला सोनाराकडे गेली. सोनारानं चष्मा पुसून पदक फिरवून फिरवून पाहिलं.

“मावशी, इकडं बादशहाचं तोंड आहे. आणि कडेला, हे बघा, बारीक अक्षरात तुमच्या मुलाचं नाव कोरलंय. आटवलं की दोन्ही जाईल.”

“नाव मला कुटं वाचाया येतंय? मला त्यो घरात पायजे. आटवा.”

सोनारानं आटवलं, पत्रा ठोकला, ठशावर दाबला आणि टाक तिच्या हातावर ठेवला. घोड्यावर बसलेला, तलवार उपसलेला, झुपकेदार मिशांचा वीर.

“ह्यो कोन?”

“तुमचा गेणू.”

“माजं लेकरू पायदळात व्हतं वो. चालून चालून टाचा फुटल्या म्हून सांगावा धाडलावता त्यानं. अन् मिशी तर फुटलीबी न्हवती.”

“मावशी, ठसा एकच आहे माझ्याकडं. मावळातले सगळे वीर त्याच्यावरच निघतात.”

ती टाक घेऊन घरी आली, त्याला न्हाऊ घातलं, गंध लावलं आणि देव्हाऱ्यात बसवलं. शेजारी घराण्यातले दोन जुने वीर होते. एकाला बैलानं मारलं होतं, दुसरा विहिरीत पडला होता. दोघंही घोड्यावर, तलवार उपसून. नवा तेवढा चकाकत होता, त्या चकाकीवरून ओळखून रोज सकाळी ती त्याच्याशीच बोलायची. जेवलास का, विचारायची.

पुढं सण आला. घरातल्या रिवाजाप्रमाणं तिनं सगळे टाक ताटात काढले, राखेनं घासले, धुतले आणि पुसले. तिन्ही सारखेच चकाकले. तिनं एकेक उचलून तळहातावर धरला, उजेडात नेऊन पाहिला, मग ठेवला. पुन्हा पहिल्यापासून उचलला.

तिघांनाही मिशा होत्या.