सत्तावीस नंबरची कॉलर

झोर्का मेल्यावरही तिच्या नंबरची जॅकेटं येत राहिली, म्हणून प्लामेनने मला सोफियाहून तिच्या गावी धाडलं.

आमची कंपनी धावणाऱ्यांचे कपडे विकते, शिवत नाही. शिवतात ते दहा देशांतले कारखाने. कुणी काय, किती आणि कोणत्या तारखेला द्यायचं हे बघणं माझं काम. प्रत्येक जॅकेटाच्या आतल्या खिशात कॉलर बसवणाऱ्या बाईच्या नंबराची चिठ्ठी असते. कॉलर उसवली तर कुणाला धरायचं ते कळावं म्हणून. सत्तावीस नंबर झोर्काचा. चार मार्चला, रविवारी, ती मशीनवरच गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. आणि मार्चअखेरीला शिवलेल्या जॅकेटांची खोकी गोदामात उघडली, तर दर खोक्यात सत्तावीसच्या चिठ्ठ्या.

"भूतबीत काही नाही," प्लामेन म्हणाला. तो माझा साहेब. "काम चोरून घरोघरी वाटतायत आणि मेलेल्या बाईचा नंबर लावतायत. तसं निघालं तर त्या कारखान्याला पुन्हा काम नाही. किती बायका घरी बसतील ते मला सांगू नकोस. तू तिकडचीच ना? जा."

तिकडचीच. सोफियाला येण्याआधी सहा वर्षं मी त्याच कारखान्यात अठ्ठावीस नंबरवर, झोर्काच्या उजव्या हाताला बसत होते. कॉलरच्या टोकाला दोन उलटे टाके घालायचे असा नियम. झोर्का तीन घालायची. "दोन कंपनीचे, तिसरा माझा," म्हणायची, आणि माझे दोन बघून नाक मुरडायची. निघण्याआधी मी गोदामातलं एक जॅकेट काढून कॉलर उलटवली. तीन टाके. दुसरं काढलं. तीन. तिसऱ्याला हात लावायचं धाडस झालं नाही.

एक गोष्ट मी प्लामेनला सांगितली नव्हती. झोर्का गेली तेव्हा जो माल शिवला जात होता, त्याची तारीख मला मिळाली होती एकोणीस मार्च. कारखान्याला मी सांगितली दहा मार्च. कारखाने उशीर करतातच, म्हणून आम्ही सगळेच अलीकडची तारीख देतो. नव्या पोरीला पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात. पण या वेळी कारखान्याने उशीर केला नाही. बायका तीन रविवार कामावर आल्या, तिसऱ्या रविवारी झोर्का गेली, आणि दहा तारखेला माल सोफियाला पोचला. तिथे तो नऊ दिवस पडून राहिला. मी स्वतः जाऊन ती खोकी बघितली होती, वर धूळ बसलेली. तेव्हापासून मला शिलाईचा आवाज ऐकू यायला लागला. घरच्या फ्रिजमध्ये, कचेरीच्या लिफ्टमध्ये, कुठेही. बाकी सगळ्यांना तो फ्रिजच वाटायचा.

मी पोचले तो बारा एप्रिल. तीन नंबरच्या रांगेत अठरा मशीनी, सतरा चालू. सत्तावीसवर खोळ घातलेली, शेजारी पेलाभर पाणी आणि पावाचा तुकडा. मेल्यावर चाळीस दिवस जीव आपल्या जागांवर येत-जात असतो, त्याला तहान लागते. माझ्या आजीसाठीही ठेवलं होतं. पण मशीनखालच्या टोपलीत कॉलर बसवलेली जॅकेटं होती. मी आले तेव्हा चार. मुकादम वेलिकामावशीची वाट बघत मी खांबाला टेकून उभी राहिले, आणि अर्ध्या तासाने बघते तर नऊ. खोळ हललेली नव्हती. मी गुपचूप देवाचं नाव घेतलं, जे मी वर्षानुवर्षं घेतलं नव्हतं.

मग दिसलं. एक बाई रीळ आणायला उठली, सत्तावीसपाशी जरा वाकली आणि पुढे गेली. टोपलीत दहा झाली.

"आलीस?" वेलिकामावशी मागून म्हणाली. "आम्हाला वाटलं, झोर्काच्या विसाव्या दिवशीच येशील."

"मावशी, सत्तावीस कोण चालवतंय?"

"झोर्का."

"मावशी, अहो..."

"अहो काय? कॉलर उलटून बघ. तीन टाके आहेत की नाहीत?"

"मी इथे सहा वर्षं बसलेय. मला बनवू नका."

"बनवत नाही गं. आता अठ्ठावीसवर कोण बसते माहितीये? माझी भाची. दोन लहान लेकरं आहेत तिला. मेलेल्याला आपली जागा रिकामी दिसली, की ते शेजारच्याला सोबत घेऊन जातं. म्हणून जी ती रोज एक-दोन कॉलरी झोर्काच्या हातच्या करते. चाळीस दिवस तिला कळू द्यायचं नाही, की तिच्यावाचून काम चाललंय."

"कागदावर ही फसवणूक होते, मावशी. कारखान्याचं काम जाईल."

"कागदाचं तू बघ, तुझ्या हातात कागदच असतात. आज चाळिसावा. उद्या नंबर बंद." मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "आणि ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. तू चिठ्ठ्यांसाठी आलेली नाहीस."

मी टोपलीतल्या वरच्या जॅकेटाची कॉलर उगाचच उलटवली.

"माल पडून होता, हे ट्रकवाला सांगून गेला," ती म्हणाली. "किती दिवस ते त्याला माहीत नव्हतं."

"मावशी, ती तारीख..."

"मला नको सांगूस. मी काय करू त्याचं? तिला सांग. सूर्य बुडेपर्यंत आहे ती इथे."

मी अठ्ठावीसपाशी गेले. भाची मुकाट्याने उठून बाजूला झाली. मी माझ्या जुन्या जागी बसले आणि डावीकडे वळले, पूर्वी वळायचे तशी.

"झोर्के, नऊ दिवस," मी म्हणाले. "ती जॅकेटं नऊ दिवस पडून होती. घाई नव्हती गं. तारीख माझी होती."

मशीनी एकामागून एक थांबल्या. बायका माझ्याकडे बघत नव्हत्या, खोळीकडे बघत होत्या. मला रडू आलं, आणि आपण रडतोय याची लाजही वाटली. कुणी जवळ आलं नाही. वेलिकामावशी म्हणाली, "चला, कामाला लागा." निघताना तिने मला चाळिसाव्याचे उकडलेले गोड गहू कागदी पेल्यात दिले. आपल्या माणसाला देतात तसे नाही, आलेल्या प्रत्येकाला द्यायचे असतात म्हणून. मी ते फाटकाबाहेर उभ्यानेच खाल्ले.

गावाबाहेरच्या पेट्रोलपंपावर गाडीत बसून मी प्लामेनला लिहून पाठवलं. काम बाहेर जात नाही, बायका श्रद्धेपोटी करत होत्या, आजपासून बंद. शेवटची ओळ लिहिली: पहिल्या मालाची तारीख मी नऊ दिवस अलीकडे ओढली होती, रविवारचं काम त्यामुळे झालं.

पाच मिनिटांत त्याचा फोन आला.

"शेवटची ओळ काढ. बाकीचं मी मिटवतो. जुन्या चिठ्ठ्या चुकून वापरल्या, झालं. कारखाना वाचेल, तूही वाचशील."

"आणि नाही काढली तर?"

"तर वरचे सगळ्यांच्याच तारखा तपासत बसतील. अगं दाफिना, तू एकटी आहेस का? मला वरून दोन एप्रिल आली होती. मी तुला एकोणीस मार्च सांगितली. सोफियाहून गेलेला माल पुढे वरच्यांच्या गोदामात आणखी दोन आठवडे पडून होता. असंच चालतं हे."

"मग खरी तारीख कोणती होती?"

"ते कुणाला माहीत? त्यांनीही वर थोडी ओढलीच असणार."

मी ती ओळ काढली. बायकांसाठी काढतेय, असं स्वतःला सांगितलं, आणि ते अर्धं खरंही होतं. मग मी गाडी सुरू केली आणि सोफियाकडे जायच्या ऐवजी कारखान्याकडे वळवली. जमेल तितकी जोरात चालवली. गावाच्या पुलापर्यंत पोचले तेव्हा डोंगरामागे सूर्य गेलेला होता, आणि झोर्काला मी नऊच दिवस सांगितले होते.