पहिली दाढी कास्तोकडे

शनिवारी सकाळी नऊ वाजता कवी एव्हेलिओ तारांकोनने तुरुंगाधिकाऱ्याचा कोरा कागद परत केला.

मित्रांनो, मी एक जुना दाढीचा ब्रश आहे. डुकराचे केस, ऑलिव्हच्या लाकडाची मूठ. स्पेनच्या थंड पठारावरचा तो तुरुंग युद्ध हरलेल्यांनी भरलेला होता. तिथे मी कास्तो न्हाव्याच्या हातात होतो. कास्तोही कैदीच. त्या सकाळी तो कवीला साबण लावत होता.

"सरकारच्या कौतुकाची चार कडवी लिही. शिक्षा निम्मी करतो," अधिकारी म्हणाला.

"कागद छान आहे, साहेब. घरी पत्र लिहायला ठेवा."

त्या दिवसापासून कवीला कागद-पेन्सिल बंद झाली. पण त्याच्या डोक्यात बायकोसाठी, ओब्दुलियासाठी, एक कविता तयार होत होती, आणि छातीत क्षय. भेटीच्या वेळी दोघांमध्ये दोन जाळ्या असत आणि त्या जाळ्यांच्या मधल्या जागेत पहारेकरी फिरे. कविता बाहेर जाणार कशी?

मग माझं खरं काम सुरू झालं. कास्तो बाकावरच्या कैद्यांना ओळीने साबण लावायचा. कवीच्या आणि त्याच्या शेजाऱ्याच्या तोंडावर मी ओठ झाकेपर्यंत फेस चढवायचो. नंतर कास्तो पट्ट्यावर वस्तरा घासत पहारेकऱ्याशी मोठमोठ्याने गप्पा मारायचा. तेवढ्यात फेसाआडून कवी शेजाऱ्याकडून चार ओळी पाठ करून घ्यायचा. एका माणसाला एकच कडवं. कुणाला मारून विचारलं, तरी सगळी कविता हाती लागू नये. ती कास्तोला ऐकू येत नसे, मगात पडलेल्या मलाही नाही.

"हा काय कुजबुजतोय रे?" एकदा पहारेकऱ्याने विचारलं.

"तोंडात साबण गेला, साहेब. मला शिव्या देतोय."

शेवटचं कडवं लेस्मेस नावाच्या मेंढपाळाला मिळालं.

"ह्याला कशाला दिलंस, एव्हेलिओ? हा स्वतःची कोठडी विसरतो," कास्तो म्हणाला.

"मेंढरू नाही विसरलो कधी," लेस्मेस गुरगुरला.

कवी हसता हसता खोकला. "ठरलं तर. जो सुटेल, त्याने पहिली दाढी कास्तोकडे करायची. पैसे नाहीत. ओब्दुलियासमोर चार ओळी म्हणायच्या."

त्या हिवाळ्यात कवी गेला. लेस्मेसला दूरच्या तुरुंगात हलवलं.

सुटल्यावर कास्तोने लोकरबाजारासमोर दुकान थाटलं. एकेक जण दाढी वाढवून येऊ लागला. ओब्दुलिया शेगडीजवळ बसून ऐकायची. गंमत म्हणजे, मी तोंडावर फेस चढवेपर्यंत एकालाही ओळी आठवत नसत. तेव्हा माझं केवढं कौतुक व्हायचं!

आता माझे निम्मे केस गळले आहेत. गिऱ्हाइकांसाठी नवा ब्रश आला आहे. मी खिळ्याला टांगलेला असतो.

"फेकून का देत नाहीस हा?" लोक विचारतात.

"एक दाढी राहिली आहे," कास्तो सांगतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूला हात लावण्याआधी तिचं काम संपलं का, एवढं विचारत जा.

मंगळवारी एका गाडीवानाने बातमी आणली. लेस्मेस सुटून वर्ष झालं. गाडीवानाला तो डोंगरापलीकडच्या रस्त्यावर दिसला होता.

"इकडेच येत होता का?" ओब्दुलियाने विचारलं.

"ते नाही विचारलं, बाई. स्वतःशीच काहीतरी पुटपुटत चालला होता. आणि दाढी म्हणाल, तर छातीपर्यंत."

तेव्हापासून कास्तो रोज सकाळी मला गरम पाण्यात भिजत घालतो. आज दुपारपर्यंत कुणी आलेलं नाही.