तापाला जुळणारं यमक

एकोणीसशे एकोणपन्नास साल. पोलीस ॲक्शन होऊन चारेक महिने झाले होते आणि हैदराबादेत रोज कुठे ना कुठे निजामाविरुद्ध लढलेल्यांचा सत्कार असे. आमचा यशवंत ते बघायला नव्हता. माझा थोरला भाऊ. लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात, आदल्या पावसाळ्यातच, मुदतीच्या तापाने तो गेला.

रस्ते मोकळे झाल्यावर ती बातमी दिगंबरदादाने आणली. तो यशवंताचा जिवलग मित्र, कॅम्पातही बरोबर होता. चिक्कडपल्लीच्या आमच्या घरात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून तो म्हणाला, "पाणी मागत होता, रजे. विहिरीवर रांग होती. मी परत आलो तर संपलं होतं." आई ऐकण्याच्या अवस्थेत नव्हती. तिला नंतर मीच सांगितलं.

कवितेची गोडी मला दिगंबरदादानेच लावली होती. अंत्ययमक, आंतरयमक, उर्दूतले काफिया-रदीफ, सगळं त्याच्या जिभेवर. ओवीचे तीन चरण जुळतात, चौथा मोकळा सुटतो, हे त्याने शिकवलं तेव्हा मी विचारलं होतं, "चारही मोकळे सोडले तर?"

"तर त्याला किराणाची यादी म्हणतात," तो म्हणाला. यशवंत तेव्हा ठसका लागेपर्यंत हसला होता.

यशवंतावर लिहायला बसले तेव्हा यमक सुचत होतं, पण लिहवत नव्हतं. शेवटी सगळे चरण मोकळेच सोडले.

तुला ताप होता, तू पाणी मागितलंस.
पाणी आणणारा रांगेत उभा होता.
विहीर खोल होती, आणि सगळेच तहानलेले.

पुढेही काही ओळी होत्या. दिगंबरदादाने कविता दोनदा वाचली. डोळे पुसले. "ठेव माझ्याजवळ. थोडी घासूनपुसून देतो," म्हणाला. मी दिली.

सुलतान बाजारातल्या सत्काराच्या सभेला आई त्या बातमीनंतर प्रथमच घराबाहेर पडली. आम्ही बायका चिकाच्या पडद्यामागे बसलो होतो. दिगंबरदादा उभा राहिला, "माझ्या मित्रावर माझी कविता" म्हणाला आणि गाऊ लागला. विहीर माझी होती, तहान माझी होती. आता ती स्वातंत्र्याची तहान झाली होती. पहिल्या कडव्यात 'होळी' आली, दुसऱ्यात 'झोळी'. आमच्या हैदराबादचे श्रोते मुशायऱ्यात मुरलेले. काफियाचं यमक कळलं की कवीच्या आधी शब्द उचलायचे. तिसऱ्या कडव्यात तो म्हणाला, "यशवंताने छातीवरती हसत झेलली..."

"गोळी!" अख्खं सभागृह ओरडलं. "मुकर्रर! मुकर्रर!" त्याने ती ओळ पुन्हा म्हटली.

आईने माझं मनगट धरलं. "गोळी? तू ताप म्हणाली होतीस ना?"

सभा संपल्यावर मी त्याला पायऱ्यांवर गाठलं. "दादा, तो तापाने गेला. तुम्हीच सांगितलंत."

"अगं, ताप कवितेत शोभत नाही. त्याला यमक काय जुळवणार?"

"पाप जुळतं की."

त्याचा चेहरा उतरला. तेवढ्यात आई आली. "दिगू, खरं सांग. माझ्या बाळाला गोळी लागली होती?"

मला वाटलं, आता तरी तो बोलेल. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"हो काकू. छातीत. लगेच गेला. पाणीसुद्धा मागितलं नाही."

आई माझ्याकडे वळली. "आणि तू माझ्या लेकाला तापाने मारलंस!"

मी शपथा घेतल्या. तिने ऐकून घेतलं नाही. त्या दिवसापासून ती माझ्या हातचं पाणीही बघून प्यायची.

दिगंबरदादा पुढे हेडमास्तर झाला. त्याला ताम्रपट मिळाला. त्याच्या शाळेत दर पंधरा ऑगस्टला ती कविता म्हणत. मरेपर्यंत तो आमच्या घरी परत आला नाही. आई बारा वर्षांनी गेली; शेवटपर्यंत आल्यागेल्याला गोळीचीच गोष्ट सांगत होती. मी लग्न होऊन हिमायतनगरला आले, संसार केला, कविता केली नाही.

आता नव्वदी जवळ आली. माझ्या कवितेच्या वर लिहिल्या त्या तीनच ओळी आठवतात. बाकीच्या गेल्या, मोकळ्या ओळींना धरायला काही नसतं. त्याची कविता मात्र मला पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ आहे.