मायच्या सिडोलीचं गाणं

माय जाऊन चार वर्षं झाली तरी तिची सिडोली राहिली होती. सिडोली झाल्याशिवाय मेलेलं माणूस पितरांत जाऊन बसत नाही, दाराशीच घुटमळतं. मायच्या नावाचा सागाचा खांब, मुंडा, कोरून झाला, त्यावर चांद-सूरज झाले, बकरा ठरला. गाणं मात्र कुणालाच येईना. गावात ते एकट्या मायलाच येत होतं. आणि मी तिची लेक, अशी कोडगी, की कधी शिकलेच नाही.

माझा भाऊ, सोमला त्याचं नाव, मला टोचून टोचून बोलायचा. "शाळेत कविता पाठ केल्यास ना बुदिया? म्हण की त्यातलीच एखादी!"

"तू रे काय दिवे लावलेस?"

मग मला आठवलं, मी लहान असताना भोपाळची एक बाई मायचं गाणं टेप करायला आमच्या अंगणात आली होती. शाळेच्या मास्तरांनी चिठ्ठ्या धाडून शोध घेतला आणि एके दिवशी मायचा आवाज त्यांच्या मोबाइलवर आला. मी हरखून गेले. पण सगळे विधी करणारा भुमका बरकूकाका मान हलवत म्हणाला, "यंत्राचं पितरांना चालत नाही पोरी. जित्या तोंडातून आलं पाहिजे."

सिडोलीच्या सकाळी मोबाइल मुंड्यापाशी ठेवला. मी म्हटलं, निदान ऐकू तरी.

आधी कोंबडा आरवला. मग माय बोलली, "असं कसं गाऊ बाई? यात मेलेल्याचं नाव घ्यावं लागतं. दुसऱ्या जित्याचं घेतलं तर मारतील मला." मग स्वतःच म्हणाली, "बरं, माझंच घालते. कधीतरी लागणारच आहे."

सगळे हसले. मी मात्र मोबाइल मुंड्याच्या आणखी जवळ सरकवला.

तिनं एक ओळ म्हटली आणि खेकसली, "बुदे, खिदळतेस काय मेले? मागनं म्हण!"

"मला नाही येत, जा!" माझाच आवाज, सहा वर्षांचा.

"येईल. म्हण."

माय प्रत्येक ओळ म्हणायची आणि माझ्यासाठी थांबायची. टेपवर तेवढी जागा रिकामीच होती. मी काकाकडे पाहिलं. तो म्हणाला, "बघतेस काय? म्हण की!"

मी म्हणू लागले. आवाज फाटत होता, सूर कुठच्या कुठे जात होता. मायचं नाव आलं तेव्हा रडू आवरेना, तरी घेतलं. सोमला मुकाट्यानं ढोलकी वाजवत होता.

गाणं संपलं. मायनं विचारलं, "आलं का गं?"

टेपवरची पोर नुसतीच खिदळली.

"आलं, माय," मी म्हटलं.