पडद्यावर बारा, आत शून्य

मी एका जुन्या प्रोग्रॅममधला स्थिरांक आहे. माझी किंमत शून्य. हे मी विनयाने सांगत नाही, तसं लिहिलेलंच होतं. नावापुढे ‘कॉन्स्ट’ लागलं, की जन्मभर बदलायचं नाही, अशी आमची जात.

मित्रांनो, सत्त्याण्णव साली इंदिरानगरच्या किशोरने मला लिहिलं आणि मी सिन्नरला रंगनाथशेठच्या शीतगृहात कामाला लागलो. आत द्राक्षं होती, त्यांना शून्य अंश लागे. प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणाऱ्या कंपायलरने माझ्यावर विश्वास ठेवून, यंत्राच्या हुकमात जिथे माझं नाव होतं तिथे थेट शून्य कोरून टाकलं. पुन्हा मला विचारायचं कारणच उरलं नाही. एवढा विश्वास लोक जावयावरही टाकत नाहीत.

द्राक्षं संपली आणि साळूबाईचे कच्चे टोमॅटो आले. त्यांना हवे बारा अंश. शून्यावर ते आतून मरतात. नियमाने मला साधं चल, म्हणजे बदलता येणारा आकडा, करायचं आणि अख्खा प्रोग्रॅम पुन्हा बांधून तपासायचा.

“शेठ, दिवस जाईल,” किशोर म्हणाला.

“टेम्पो दारात हाय आन् तू दिवस मागतो? आकडाच बदलायचाय, लगीन नाय जमवायचं!”

मग किशोरने पॉइंटर, म्हणजे माझ्या घराचा पत्ता, धरून मागल्या दाराने यंत्राच्या स्मृतीतली माझी जागा गाठली आणि तिथे बारा लिहिले. कंपायलर कुरकुरला, त्याला गप्प केलं. पडदा तेवढा अजून माझ्या जागेवरून वाचून आकडा दाखवी, तिथे बारा झळकले. मी जरा फुगलोही. यंत्र मात्र कोरलेलं शून्यच पाळत राहिलं.

टोमॅटो बाहेर काढल्यावर डागाळले, त्यांना पाणी सुटलं. साळूबाई धावत आली.

“शेठ, खरं सांगा. गारठ्यानं झालं, का झाडालाच रोग हाय? रोग असंल तर उभा प्लॉट उपटावा लागंल मला.”

“बाई, तूच बघ की. बारा हाय. मशीन खोटं बोलत नाय.”

“बारा हायेत खरे,” ती पुटपुटली.

किशोरला एव्हाना उलगडा झाला होता. तो आपल्या चपलांकडे बघत राहिला. आणि मी पडद्यावर बारा होऊन, ठळक अक्षरात, उभा.

साळूबाईने प्लॉट उपटला. किशोरने दुसऱ्याच दिवशी मला नियमाने चल केलं, सगळं तपासलं. काम अगदी चोख झालं. तिला तेवढं कोणी कळवलं नाही.

मित्रांनो, आकडा बदलावा लागणार असेल तर त्याला आधीच स्थिर म्हणू नका, आणि म्हटलंत तर पाठीमागून हात लावू नका. मला नुसतं दिसता येतं, बोलता येत नाही. म्हणून सिन्नरच्या बाजारात साळूबाई भेटलीच, तर तुम्ही सांगा. तिच्या झाडांना काहीही झालं नव्हतं.