नीलला चालून दाखवू द्या

माझी आई, डायसी, गोऱ्यांचे शर्ट धुऊन इस्त्री करायची. पोटाला चिमटा घेऊन तिने माझ्या थोरल्या भावाला, होझेयाला, वकील केलं. मिसिसिपीतल्या आमच्या गावात तो पहिला काळा वकील. चर्चमध्ये आई त्याला मुद्दाम पुढच्या बाकावर बसवायची. पण खटला उभा राहिला की आमचीच माणसं गोऱ्या वकिलाचं दार गाठायची. ज्युरी सगळी गोरी. काळा वकील दिसला की त्यांचं डोकं भडकायचं आणि भोगायचा तो अशील. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय! होझेया आपला मृत्युपत्रं आणि खरेदीखतं लिहीत बसायचा.

१९११ साली, कापूस वेचणीच्या दिवसांत, कापसाच्या जिनिंग कारखान्याला आग लागली. मालकाचा मेहुणा म्हणाला, "मी नीलला धावत पळून जाताना पाहिलं." नील आमचा धाकटा. लहानपणी खेचराने लाथ मारली तेव्हापासून त्याचा एक पाय वाळलेला. धावणं सोडाच, चर्चच्या पायऱ्या चढतानाही तो माझा खांदा धरायचा. तरी त्याला कोठडीत टाकलं.

"आई, मला उभं राहू दे," होझेया म्हणाला. "नीलला ज्युरीसमोर चालायला लावतो. बस्स, एवढंच."

"तू नको. प्रुइट वकीलसाहेबांना सांगितलंय मी."

"का? त्यांचे शर्ट धुतेस म्हणून?"

"अरे, तुला बघून ते माझ्या पोराला फासावर देतील! तुझी अक्कल साहेबांच्या कानात घाल, आणि तू माझ्याजवळ वर सज्जात बस."

होझेया मागच्या दाराने प्रुइटकडे गेला. सगळं समजावून आला. "हो, हो, लक्षात आहे," साहेब म्हणाले म्हणे.

खटल्याच्या दिवशी आम्ही वरच्या सज्जात, काळ्यांच्या बाकांवर. खाली प्रुइट, आईने खळ घातलेल्या शर्टात. नीलला बेड्या घालून आणलं; बेड्यांत कोण लंगडत नाही? लांबून आलेल्या ज्युरीला काय कळणार? मेहुण्याची साक्ष झाली. प्रुइट त्याच्याच पंगतीला जेवणारा. अर्धवट उठला आणि म्हणाला, "मला काही विचारायचं नाही." ते तोंड आठवलं की अजून माझ्या जिभेवर शिवी येते.

होझेया ताडकन उभा राहिला. आईने त्याचा कोट घट्ट धरला.

"बस खाली. दोघंही जातील रे माझे."

तो बसला.

नीलला शिक्षा झाली, कैद्यांच्या शेतावर राबायला धाडलं. तिथे त्याला इतरांबरोबर सरी ओढता येईना, आणि मुकादमाला वाटलं, सोंग करतोय. पुढच्या उन्हाळ्यात तो पेटीतून घरी आला.

आईने प्रुइटचे शर्ट धुणं सोडलं. होझेयाशी मात्र ती त्या दिवसाबद्दल कधी बोलली नाही. मग एका रविवारी, जेवण झाल्यावर, स्वयंपाकघरात तिने विचारलं, "तू उभा राहिला असतास, तर काय बोलला असतास?"

"आता कशाला, आई?"

"मी तुला कोर्टात बोलताना कधी ऐकलंच नाही रे."

होझेयाने कोट चढवला. चुलीकडे पाठ करून उभा राहिला आणि बोलायला लागला. किती सुरेख बोलला माझा भाऊ! आवाज कुठे चढला नाही, एक शब्द वाया गेला नाही. आई हात मांडीवर ठेवून ऐकत होती.

शेवटी तो म्हणाला, "नील, ऊठ. या साहेबांना जरा चालून दाखव."

आणि आई दाराकडे बघत राहिली.