भिकन तायडेचं पथ्य

भुसावळच्या शुगरच्या डॉक्टरने दिलेला कागद लिलाबाईने स्वयंपाकघरात मांडणीशेजारी खिळ्याला अडकवला होता, आणि रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी त्या कागदाकडे बघून तिचं डोकं पेटायचं. वर डॉक्टरचं नाव, नावामागे पदव्यांची ही लांबलचक शेपूट, आणि खाली नुसतं बंद, बंद, बंद. भाकरी बंद. पोळी बंद. भात बंद, बटाटा बंद, साखर, गूळ, आंबा बंद. केळीसुद्धा बंद. जळगाव जिल्ह्यात राहायचं, घराच्या मागे पाच मिनिटांवर केळीचे मळे, आणि केळी बंद! काय खायचं, तर पालेभाजी, गिलकी, वांगी, अंडी, मटण.

"श्वास तेवढा चालू ठेवेल शे मेल्यानं," ती कागदाला म्हणायची.

नवऱ्याला मात्र तो कागद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. भिकन तायडे दीपनगरच्या वीज केंद्रात बॉयलरवर सोळा वर्षं कामाला होता. काटे-बिटे साहेब लोकांनी बघावेत. भिकन नुसत्या आवाजावरून सांगायचा की आज हिचं काहीतरी बिनसलंय. शिकून आलेले इंजिनियर त्याला 'भिकनभाऊ, जरा ऐकून सांगा' म्हणत, आणि त्या एका वाक्यावर त्याची छाती फुगत असे. एप्रिलच्या सुरुवातीला तपासणीत त्याच्या रक्तात साखर निघाली. साहेबाने सरळ सांगितलं, जूनमध्ये पुन्हा तपासू, उतरली तर ठीक, नाहीतर तुला बॉयलरवरून काढून गेटवर बसवावं लागेल. गेटवर बसायचं, गाड्यांचे नंबर लिहायचे! भिकन त्या दिवशी घरी येऊन जेवला नाही, आणि दुसऱ्या दिवशी उठून भुसावळला गेला आणि तो कागद घेऊन आला.

पहिल्या आठवड्यात तो चार किलो उतरला. दिवसातून दहा वेळा लघवीला जायचा. कॉलनीत वाहवा झाली. 'भिकनभाऊ, अगदी तरुण दिसता हो,' असं दोन बायकांनी म्हटल्यावर तर विचारायलाच नको. पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलं आणि ते सगळ्या कॉलनीला दाखवून झालं. लिलाबाईला त्या भोकाचा राग येई. धष्टपुष्ट माणूस सुकत चालला होता आणि लोक त्याला हारतुरे घालत होते.

"दोन घास भाकर खाई ल्या ना," ती ताटाशी बसून म्हणायची. "नुसता पालावर माणूस जगस का? बकरी शेतस का तुम्ही?"

"कागद वाच. काय लिखेल शे? बंद. मंग बंद."

त्याचा जोडीदार छगन एरंडोलचा. दोघे एकाच पाळीला. मन चांगलं, पण अक्कल उसनी. त्याने कुठेतरी ऐकलं होतं की शुगरला पाण्यासारखं औषध नाही. "पानी पी भिकनभाऊ, पानी. बठ्ठी साखर धोवाई जाई." झालं! भिकन पाच लिटरचा कॅन भरून कामावर न्यायला लागला आणि रिकामा आणायला लागला. मे महिना, बाहेर पंचेचाळीस-सेहेचाळीस, आत बॉयलरची धग. शर्ट वाळला की पाठीवर पांढरे नकाशे उमटायचे. लिलाबाई ते शर्ट धुवायची, घासायची, आणि त्या पांढऱ्या डागांचा अर्थ काही तिच्या डोक्यात आला नाही.

मग पोटऱ्यांत गोळे यायला लागले. बसल्या बसल्या हा पाय धरून ओरडायचा. डोकं दुखायचं. बोलताना शब्द सापडायचा नाही आणि सापडला नाही की तिच्यावर खेकसायचा. एक दिवस छगनच तिला पाणवठ्याशी गाठून म्हणाला, वहिनी, भाऊला बॉयलरच्या शिडीवर दोनदा चक्कर आली, मी धरला म्हणून बरं. तिने संध्याकाळी विचारलं तेव्हा भिकनने तिचा हात घट्ट धरला. "कोनले सांगू नको. जूनपर्यंत. मन्ही आन शे तुले."

"आन घालीसन काय शिडी सपाट होस का?" ती ओरडली. पण सांगितलं नाही तिने कुणाला. आन ती आन.

फक्त एक केलं. त्याला ओढत भुसावळच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने काट्यावर उभं केलं, रिपोर्ट बघितला आणि खूष झाला. "सहा किलो! शुगर एकशे तीस! आणखी काय पाहिजे?"

"डॉक्टरसाहेब, ह्यांच्या पायात गोळे येतात. डोकं दुखतं. तोल जातो," लिलाबाई म्हणाली.

"अशक्तपणा असतो सुरुवातीला. टॉनिक लिहून देतो. पाणी भरपूर प्या."

"पाणी तर डबडं भरभरून पितात. पण जेवणात—"

"बाई, पेशंट कोण आहे? तुम्ही जरा बाहेर बसा."

ती बाहेर बसली. पंचेचाळीस वर्षांच्या बाईला शाळकरी पोरीसारखं बाहेर काढलं आणि ती निमूट बाकावर जाऊन बसली, ह्याचा राग तिला पुढे कितीतरी दिवस पुरला. डॉक्टरपेक्षा स्वतःचाच जास्त.

त्यानंतर पाचव्या दिवशी भिकन पहिल्या पाळीहून परतला तो शेजारच्या क्वार्टरच्या दाराला आपली किल्ली लावत उभा राहिला. शेजारीण हसत सांगायला आली. लिलाबाई बाहेर आली तर हा झुलत होता, डोळे भलतीकडेच. तिच्याकडे बघून म्हणाला, "भागाबाई, दार उघड." भागाबाई म्हणजे त्याची आई, घरात सगळे तिला नावानेच हाक मारत, आणि ती जाऊन नऊ वर्षं झाली होती.

आणि लिलाबाईचा तोल गेला. आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस, आणि आता ह्या वयात! "पिई उनात? मरी जा ना मंग एकदाचं!" ती अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल अशी ओरडली आणि त्याची कॉलर धरून त्याचं तोंड हुंगलं. वास नव्हता. कसलाच नव्हता. तेवढ्यात तो ओट्यावर बसला आणि ओकला, आणि ओकारीत पाण्याशिवाय काही पडलं नाही. मग मात्र तिने त्याचं डोकं धरलं. आपण काय बोललो ते तिलाच ऐकू आलं.

छगन कुठूनशी जीप घेऊन आला. जळगावच्या दवाखान्यात पोचेपर्यंत भिकन तिला ओळखेनासा झाला होता.

तिथे एक बारकीशी डॉक्टरीण होती, लिलाबाईच्या थोरल्या मुलीएवढी. तिने रक्त तपासायला पाठवलं, रिपोर्ट आला तसा तिचा चेहरा बदलला. रक्तातलं मीठ फार खाली गेलंय, म्हणाली. सलाईन लावलं ते अगदी थेंब थेंब. घाई केली तर मेंदूला धोका, असंही सांगितलं. मग लिलाबाईकडे वळली. हिने मात्र बाहेर बसा म्हटलं नाही. स्टूल ओढून दिलं.

"मावशी, ह्यांचं मीठ बंद केलंय का कुणी?"

"नाही हो. कागदावर सगळं बंद आहे, पण मीठ बंद नाही. मी नेहमीसारखंच टाकते."

"नेहमीसारखं म्हणजे किती? चिमटीने दाखवा."

लिलाबाईने चिमूट दाखवली.

"चौघांच्या भाजीला एवढंच?"

"आमच्या घरी भाजी अळणीकडेच असते. कळण्याच्या भाकरीबरोबर खायची ना. कळण्याच्या दळणात..."

आणि ती थांबली.

कळण्याचं पीठ म्हणजे ज्वारी, उडीद आणि खडेमीठ. मीठ दळणातच पडतं, गिरणीत जायच्या आधी. पायलीला एक भरगच्च मूठ, हे तिला सासूने शिकवलं होतं. भाकरीच खारी, म्हणून भाजीला बेताचं. भिकन दिवसाला चार भाकरी खायचा, वर मिरचीचा ठेचा. भाकर गेली तसा ठेचाही गेला, कारण ठेचा काय उकडलेल्या अंड्याशी खायचा? कागदाने भाकरी काढून घेतली आणि तिच्यासोबत त्याचं मीठही उचलून नेलं, आणि ती सव्वा महिना त्याच चिमटीने भाजी करत राहिली.

"मीच," ती म्हणाली. "मन्हाच हात."

"तुमचा एकटीचा नाही," डॉक्टरीण म्हणाली. तिलाही राग आलेला दिसत होता. "धान्य असं एकदम तोडलं की अंग पाणी सोडतं, आणि पाण्याबरोबर मीठ सोडतं. पहिल्या आठवड्यात उतरलेलं वजन बरंचसं पाणीच असतं. तेव्हा मीठ जरा जास्त लागतं. ह्यांना तर नेहमीचंही मिळालं नाही. केळी, बटाटा गेला, त्यातले क्षार गेले. वर बॉयलरचा घाम. आणि वर नुसतं पाणी ढोसलं, उरलंसुरलं तेही पातळ झालं. हे सांगायचं काम पथ्य देणाऱ्याचं होतं."

छगन कोपऱ्यात उभा होता. पाण्याचं ऐकलं तशी त्याने मान खाली घातली. लिलाबाईने त्याला शिवी दिली नाही, एवढेच त्याच्यावर उपकार केले.

दुसऱ्या दिवशी भिकनला माणसं ओळखू यायला लागली. चौथ्या दिवशी तो गादीवर बसून दाढी करून मागत होता. डॉक्टरीण कामावरच्या साहेबासाठी कागद लिहायला बसली आणि तिने विचारलं, "चक्कर कधीपासून येत होती?"

"उन्हाची झळ लागली हो. त्या दिवशीच. एकदाच," भिकन म्हणाला. स्वच्छ, ठाम. आणि बोलता बोलता त्याने लिलाबाईकडे असं बघितलं की आन पुन्हा उच्चारायची गरज उरली नाही. छगन खिडकीबाहेर काहीतरी बघायला लागला.

लिलाबाईला कळत होतं. एकदाच म्हटलं तर हा जूनमध्ये पास होऊन पुन्हा त्या शिडीवर चढणार. साखर उतरलेलीच होती. सोळा वर्षांची त्याची जागा तिच्या जिभेवर होती. तिला राग आला, भयंकर राग आला, की ह्या माणसाने जीव पणाला लावायचा आणि तोंड बंद ठेवायचं काम बायकोला द्यायचं.

"अकरा दिवस," ती म्हणाली. "अकरा दिवसांपासून. दोनदा शिडीवर. छगनने धरला म्हणून वाचले."

डॉक्टरणीने लिहून घेतलं. भिकनने भिंतीकडे तोंड फिरवलं.

दवाखान्यातून सुटल्यावर तिने त्याला घरी निजवलं आणि दुसऱ्या दिवशी एकटीच भुसावळला गेली. बाहेर बाकावर पंधरा-वीस पेशंट. ती नंबर न लावता आत शिरली आणि तो कागद टेबलावर आपटला.

"मी मीठ बंद करा असं कुठे लिहिलंय? दाखवा!" डॉक्टर सगळं ऐकून म्हणाला.

"नाही लिहिलं. भाकरी बंद लिहिलं. आमच्या भाकरीत काय असतं ते विचारलं का? तुमच्यासमोर बसले होते मी. रांधणारी मी, आणि तुम्ही मला बाहेर बसवलं!" तिचा आवाज बाकावरच्या शेवटच्या माणसापर्यंत गेला. "बंद करायला अक्कल लागत नाही. काय चालू ठेवायचं ते लिहा!"

तिला बाहेर काढायला डॉक्टरने कंपाउंडरला हाक मारली. ती आपल्या पायांनी बाहेर आली. बरं वाटलं का? नाही वाटलं. माणूस भांडून येतो तेव्हा घरी येईपर्यंतच बरं वाटतं.

जूनच्या दहा तारखेला भिकनला गेटवर बसवल्याचं पत्र आलं. कारण म्हणून डॉक्टरणीच्याच कागदातली ओळ होती, उंचीवरील कामास योग्य नाही. त्याने पत्र वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि त्या दिवसापासून बायकोशी बोलणं टाकलं. आठ दिवस. पाणी हवं तर स्वतः उठायचा. ताटावर बसायचा, जेवायचा, उठायचा. नव्या पथ्यात एक लहान भाकरी होती, मीठ घातलेलं ताक होतं, भाजीला मीठ मोजून होतं. तो सगळं गिळायचा आणि तिच्याकडे बघायचा नाही.

नवव्या दिवशी दुपारी तिने ताट वाढलं. त्याने मान फिरवून घास घेतला, आणि तिच्या हातातली पळी तिथेच खाली आदळली.

"राग येस ना? येऊ द्या! मेला माणूसले राग येत नही. हां, मीच सांगं. तुम्हनी आन मोडी मी. गेटवर बसाडं तुम्हले, सरणवर नही निजाडं! तोंड फिरावनं व्हई ते फिरावा, जनमभर फिरावा. पन जेवा!"

त्या दिवशी ओट्यावर ती त्याला मरी जा म्हणाली होती, ते त्याला आठवत नव्हतं, पण तिला ते रोज आठवत होतं. भिकनने ताट पुढे ओढलं. मग गिलक्याच्या भाजीचा एक घास घेतला, चावला, आणि कपाळाला आठ्या घालून तिच्याकडे बघितलं.

"मीठ जास्त व्हयनं," तो खेकसला.

"खा," लिलाबाई म्हणाली, आणि पदराने डोळे पुसायच्या आधी तिने त्याला तीच भाजी पुन्हा वाढली.